पोचलेलं पत्र हरवतं, अडवलेलं टिकतं: तुरुंगातल्या टपालाकडे साधन म्हणून कसं बघायचं?

शिरूरहून एसटीनं पुण्याला निघालात की रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली असं करत तुम्ही शहरात शिरता. शिवाजीनगर यायच्या आधी येरवडा लागतं. दौंडहून येणारे रेल्वेनं पुणे स्टेशनावर उतरतात आणि नदी ओलांडून पलीकडे जातात. येरवड्याचं कारागृह 1871 साली बांधलेलं. शिरूर-दौंडकडे कुणाच्या घरातला माणूस 'आत गेला' असं कळलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे बहुतेक वेळा याच भिंती येतात.

माणूस आत गेला की घरचे आधी वकील बघतात, मग मुलाखतीचा दिवस विचारतात. पत्राचा विषय नंतर कधीतरी निघतो. तसं बघितलं तर ते सोपं आहे. पाकिटावर बंद्याचं पूर्ण नाव, माहीत असेल तर बंदी क्रमांक, 'येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे 411006' एवढं लिहायचं आणि पेटीत टाकायचं. पण त्या पाकिटाला थेट त्या माणसाच्या हातात पडायची परवानगी नसते. मध्ये एक टेबल असतं. तिथं ते उघडलं जातं, वाचलं जातं, आणि मग पुढं जातं किंवा जात नाही.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, तर त्या टेबलापाशी थोडं थांबा. आपल्या अभिलेखागारांत तुरुंगातली जी पत्रं सापडतात, ती याच टेबलावर गाळून आलेली असतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: सामान्य माणसाचं जे पत्र तुरुंगात नीट पोचलं, ते बहुधा हरवलं. जे अडवलं गेलं, ते मात्र फायलीत लागलं आणि टिकलं. हे लक्षात न घेता तुरुंगातल्या पत्रांवर काम करायला घेतलं, तर आपण नकळत फक्त मोठ्या माणसांचा आणि भांडणांचा इतिहास लिहून बसतो.

1875: कागद जाळणारे लोक

सुरुवात आपल्याच भागातून करू. 1874च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावानं मारवाडी सावकारावर बहिष्कार घातला. पुढं 12 मे 1875 रोजी त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. आजचा दौंड-बारामतीचा मुलूख तो हाच. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण परीक्षेपुरतं जे वाचतो, ते हे. त्यात लोकांचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर. बऱ्याच ठिकाणी सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले की त्याला कुणी हात लावला नाही. कागद मात्र जाळले गेले.

त्यानंतर धरपकड झाली. सरकारी नोंदीत 951 जणांना अटक आणि 501 जणांना शिक्षा, असे आकडे आहेत. चौकशी आयोग बसला, त्याचा जाडजूड अहवाल निघाला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. संशोधकाला या सगळ्यात कागदांची कमतरता नाही. आता फक्त एकच प्रश्न विचारा. त्या 501 जणांच्या घरून त्यांना काय कळवलं गेलं? बैल विकला का, पेरणी कुणी केली, म्हातारी आई आहे की गेली?

अहवालात याचं उत्तर शोधू नका, कारण अहवाल त्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तिथं ही माणसं आकडा म्हणून येतात, साक्षीदार म्हणून येतात, कधी गावाच्या नावाखाली एका ओळीत येतात. आणि एक गोष्ट विसरू नका. यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. स्वतःला वाचता न येणारा कागद कोर्टात आपल्याविरुद्ध बोलतो, हेच तर त्यांचं दुखणं होतं. अशा घरातून तुरुंगात पत्र जायचं, तर तेही दुसऱ्याच्याच हातानं लिहिलं जाणार.

एका पोस्टकार्डात किती माणसं?

1878 साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं. पुढच्याच वर्षी, 1 जुलै 1879 रोजी, हिंदुस्थानात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. म्हणजे गरिबाला परवडेल असं टपाल आणि ते वेगानं नेणारी गाडी, दोन्ही आपल्या भागात साधारण एकाच वेळी पोचले. पोस्टकार्ड उघडंच असतं. तुरुंगाच्या दृष्टीनं ही मोठी सोय. फोडायला नको, चिकटवायला नको.

आता अशी कल्पना करा, की भीमेकाठच्या एखाद्या गावातल्या बाईनं आत असलेल्या नवऱ्याला कार्ड पाठवलं. ती सांगणार, शाळामास्तर किंवा तलाठी लिहिणार. तुरुंगातला कारकून वाचणार आणि शिक्का मारणार. बराकीतला कुणी शिकलेला कैदी मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि तो नवरा ऐकणार. पती-पत्नीच्या पत्रात ही पाच माणसं झाली. मास्तरसमोर ती बाई काय बोलेल? अख्ख्या बराकीच्या कानावर जाणार हे माहीत असताना काय बोलेल? 'सर्व क्षेम आहे, काळजी नसावी' हे वाक्य अशा पत्रांत इतकं का येतं, त्याचं निम्मं उत्तर इथं आहे. अशा वाक्याला पोकळ म्हणून सोडून देऊ नका. पाच जणांसमोर बोलता येईल तेवढंच ती बोलली आहे.

पाचांतला तिसरा माणूस, म्हणजे तुरुंगाचा कारकून, कायद्यानं बसवलेला आहे. 1894चा तुरुंग कायदा हा या विषयातला पायाचा कागद. त्याच्या 42व्या कलमात नियमाबाहेर कैद्याशी संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम पुन्हा एकदा वाचून बघा. चिठ्ठीत काय लिहिलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ती चोरवाटेनं गेली, एवढं पुरे. 'पोरगी झाली' एवढंच लिहिलेली चिठ्ठी वॉर्डरच्या हातून आत गेली, तरी तो गुन्हा. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी दशकं महाराष्ट्रातल्या तुरुंगांचा कारभार याच कायद्यावर चालला. त्याच्या आधारे राज्यानं 1962 साली बंद्यांच्या सुविधांचे नियम केले. पत्रं आणि मुलाखती त्यात येतात.

ज्यांची पत्रं टिकली

मग आपल्याला माहीत असलेली तुरुंगातली पत्रं टिकली कशी? उत्तर सोपं आहे. ती जपून ठेवणारं कुणीतरी बाहेर होतं, आणि आत लिहिणाऱ्याला सवलत होती.

1930 साली गांधीजी येरवड्यात होते. तिथून ते साबरमतीच्या आश्रमाला दर मंगळवारी एकेका व्रतावर लिहून पाठवत. त्याचंच पुढं 'मंगल प्रभात' हे पुस्तक झालं. या पुस्तकात संशोधकानं शिकण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे. सत्य, अहिंसा, ब्रह्मचर्य, अस्वाद या सगळ्यांवर त्यांनी तुरुंगातून लिहिलं, पण स्वदेशीवर लिहिलं नाही. स्वदेशीला न्याय द्यायचा तर राजकारणाच्या हद्दीत थोडं तरी पाऊल पडणार, आणि तुरुंगातून राजकीय लिहायचं नाही असं बंधन. म्हणून तो भाग सुटकेनंतर लिहिला गेला. नुसतं पुस्तक हातात घेणाऱ्याला हा सांधा दिसत नाही. कुठला मजकूर आत लिहिला आणि कुठला बाहेर, हे तपासलं की दिसतो. इथं कुणी ओळ खोडलेली नाही. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या मनात त्या टेबलाची जागा ठेवली आणि तेवढा भाग रिकामा सोडला. मला तर वाटतं, काळ्या शाईनं खोडलेल्या ओळीपेक्षा अशी रिकामी जागा ओळखणं जास्त अवघड आहे.

त्याच येरवड्यात नोव्हेंबर 1932 मध्ये सरकारनं गांधीजींना अस्पृश्यतानिवारणाच्या कामापुरत्या भेटी आणि पत्रव्यवहाराची मोकळीक दिली. 11 फेब्रुवारी 1933 रोजी पुण्यातून 'हरिजन' साप्ताहिक निघालं, तेव्हा त्याचा मुख्य लेखक कैदेत होता. त्याच काळात सविनय कायदेभंगात पकडलेले शेकडो साधे सत्याग्रही 'क' वर्गात होते. 1930 पासून कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले होते. किती पत्रं लिहायची, किती मुलाखती घ्यायच्या, हे वर्गावर ठरे. वर्ग ठरवताना शिक्षण आणि घरची राहणी बघितली जाई. म्हणजे ज्याला लिहिता येत होतं, त्यालाच जास्त लिहायची मुभा. म्हणून एखाद्या संग्रहात तुरुंगातल्या पत्रांचा ढीग दिसला, की हरखून जाण्याआधी बघा, लिहिणारा कुठल्या वर्गात होता.

आणीबाणीतलं उदाहरणही याच जातीचं. अहमदनगरला जन्मलेले मधू दंडवते जून 1975 मध्ये बंगळूरला पकडले गेले आणि तिथल्याच तुरुंगात राहिले. प्रमिला दंडवते येरवड्यात होत्या. दोघंही 'मिसा'खाली स्थानबद्ध. सुमारे दीड वर्षात दोघांनी एकमेकांना जवळजवळ 200 पत्रं लिहिली. इथं दोन्ही टोकांना तुरुंग आहे आणि दोन्ही टोकांना तपासणारा माणूस. तरी पत्रं चालत राहिली आणि पुढं जपली गेली, कारण पत्र जपण्याची सवय असलेलं ते घर होतं. त्याच येरवड्यात त्याच वेळी चोरीच्या किंवा मारामारीच्या गुन्ह्यात आलेल्या बायका होत्या. त्यांना आलेलं कार्ड सुटकेच्या दिवशी पिशवीत आलं असेल, मग पत्र्याच्या पेटीत पडलं असेल, आणि पावसाळ्यात कधीतरी घर गळलं असेल. सामान्य माणसाचं पोचलेलं पत्र असं हरवतं.

जे अडवलं, त्याचा कायदा झाला

आता दुसरी बाजू. अडवलेल्या कागदाला कारण द्यावं लागतं. कारण दिलं की टिपण होतं, टिपणाची फाईल होते. कुणी कोर्टात गेलं तर निकालपत्र होतं. इतिहासकाराला हे फावतं, त्या माणसाला मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

मराठीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण प्रभाकर संझगिरींचं. ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानावरचं पुस्तक मराठीत लिहिलं, आणि हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवू द्या अशी परवानगी मागितली. सरकारनं नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथं 1965 साली सरकार हरलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की स्थानबद्धतेच्या अटी म्हणजे सरकारनं मेहेरबानीनं दिलेल्या सवलतींची यादी नव्हे. जे अटींनी काढून घेतलेलं नाही, ते माणसाकडे राहतंच. पुस्तक लिहून बाहेर पाठवायला अटींत मनाई नव्हती, म्हणून अडवता येत नव्हतं. गंमत बघा. सरकारनं ते हस्तलिखित मुकाट्यानं जाऊ दिलं असतं, तर आज कायद्याच्या विद्यार्थ्यांना संझगिरींचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

दुसरं उदाहरण दिल्लीचं. तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा या कैद्यानं दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि 1979च्या डिसेंबरात निकाल दिला. तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवा, असंही त्यात सांगितलं. साधं पत्र कोर्टाचा कागद होऊ शकतं, हे इथं दिसलं.

तिसरं उदाहरण आपल्या तालुक्याच्या नावाशी जोडलं गेलेलं. 1 जानेवारी 2018 रोजी शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. आदल्या दिवशी पुण्यात झालेल्या एल्गार परिषदेवरून जो खटला उभा राहिला, त्यातले एक आरोपी गौतम नवलखा तळोजा कारागृहात होते. खटल्यात कोण दोषी आणि कोण निर्दोष, हा आपला विषय नाही. आपला विषय पार्सलांचा. 2020च्या अखेरीस त्यांचा चष्मा हरवला. घरून पोस्टानं पाठवलेला नवा चष्मा तुरुंगानं घेतला नाही, अशी तक्रार झाली. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं माणुसकीची आठवण करून दिली आणि तुरुंग अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्यायची वेळ आली आहे, असं सुनावलं. पुढं 2022 साली पी. जी. वुडहाऊस यांचं विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारल्याची गोष्ट त्याच न्यायालयापुढं आली, तेव्हा न्यायाधीशांनाही ती हास्यास्पद वाटली. त्याच महिन्यांत राज्यातल्या तुरुंगांत किती चष्मे, किती औषधाच्या चिठ्ठ्या, मुलांच्या किती मार्कशीट विनातक्रार आत गेल्या असतील. त्यांचा एकही निकाल नाही, कारण तिथं भांडण झालंच नाही.

मग काम कसं करायचं?

हे सगळं वाचून 'म्हणजे सामान्य माणसाच्या पत्रांवर संशोधन होऊच शकत नाही' असा निष्कर्ष काढू नका. होऊ शकतं, फक्त साधनं वेगळ्या क्रमानं घ्यावी लागतात.

आधी नियम वाचा, पत्रं नंतर. 1894चा कायदा, 1962चे नियम, तुरुंग खात्याचे वार्षिक अहवाल. कुठल्या वर्षी किती पत्रांची मुभा होती आणि कुणाला होती, हे कळल्याशिवाय एखादं पत्र 'त्रोटक' आहे की 'मोजून लिहिलेलं' आहे, हे ठरवता येत नाही. सावरकरांना अंदमानातून वर्षाकाठी एक पत्र लिहिता येई. वर्षभराचं सगळं एका पत्रात बसवायचं, तर त्याची घडण वेगळीच होणार.

मग मुंबईच्या अभिलेखागारात गृह खात्याच्या फायली बघा. पण प्रत्येक कागदावर पेन्सिलनं स्वतःसाठी एक खूण करायची सवय लावा (अर्थात तुमच्या वहीत, मूळ कागदावर नाही!): हे पत्र पोचलं होतं की अडवलं होतं? मूळ आहे की पोलिसांनी काढलेली नक्कल? भाषांतर असेल तर कुणी केलं? मराठीतल्या 'माझं काम झालं' या वाक्याचं इंग्रजी करताना भाषांतरकाराला कट दिसला, तर फायलीत कटच उरतो.

पत्राला पर्यायी कागदही असतात. सगळ्यात मोठा म्हणजे मनीऑर्डर. जुन्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली संदेशासाठी छोटी जागा असे. आत कँटीनमध्ये खर्चायला पैसे पाठवताना घरचे त्या दोन बोटं जागेत काय काय बसवत, ही शोधण्यासारखी गोष्ट आहे. एखाद्या घरात पावत्या सुतळीनं बांधून ठेवलेल्या असतात. पत्र फाडून टाकतात, पण पैशाची पावती कुणी सहसा फेकत नाही.

शेवटचं साधन म्हणजे माणसं. आता ई-मुलाकात आहे, फोनची सोय आली आहे, पत्रं कमी होत चालली आहेत. ज्यांनी पत्रं लिहिली, लिहून दिली, वाचून दाखवली, ती पिढी अजून आहे. शिरूर-दौंडच्या गावांत निवृत्त पोस्टमन आहेत, शिक्षक आहेत. दुसऱ्याच्या वतीनं तुरुंगात पत्र लिहून देणाऱ्या मास्तरला सगळं आठवत असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं. पण विचारताना जपून. ज्या घरातला माणूस आत होता, त्या घरानं ते गावापासून लपवलेलं असू शकतं. लग्नं त्याच गावात व्हायची असतात. रेकॉर्डर काढायच्या आधी दोन वेळा नुसतं चहाला जा. नाव घालणार नाही, गाव घालणार नाही, हे तुम्ही आधी सांगा, ते विचारायची वाट बघू नका. आणि त्यांनी पत्र दाखवलं पण फोटो काढू दिला नाही, तर मोबाईल खिशातच ठेवा. ते पत्र एकदा तिसऱ्या माणसानं वाचलेलं आहेच. चौथे आपण होतोय, याचं भान ठेवलं पाहिजे.

1875च्या त्या 501 जणांकडे परत येतो. त्यांची पत्रं आता मिळायची नाहीत, हे मी धरून चाललोय. पण त्यांच्याबद्दल लिहिताना 'शिक्षा झाली' इथं वाक्य संपवायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावून ठेवलं आहे. शिक्षा झालेल्या प्रत्येकामागं घरी कुणीतरी निरोपाची वाट बघत होतं. तुमच्या प्रबंधात अशी एखादी संख्या येईल तेव्हा निरोपाचा रस्ता तपासा: कोण लिहीत होतं, कोण वाचत होतं, मध्ये टेबलावर कोण बसलं होतं. उत्तर अर्धंच मिळालं, तरी तो आकडा तुम्हाला पूर्वीसारखा नुसता आकडा वाटणार नाही.